पाहुण्याची बोली

"घाबरू नका, माणूस निघालाय," तो फोनवर म्हणाला, आणि नेमका तेव्हाच टेबलावर उपडा ठेवलेला त्याचा स्वतःचा फोन गुरगुरला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे वाक्य दिवसभर म्हणावं लागतं. माणूस बऱ्याचदा निघालेला नसतो, आधीच्याच लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेल पुसत असतो. पण दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्याला ते सांगून काय उपयोग? त्याचा आवाज जात्याच खालचा आणि सावकाश होता, त्यामुळे लोक खरोखर शांत व्हायचे, आणि ऑफिसात सगळे त्याला धीरभाऊ म्हणायचे. हा धीरभाऊ घरी झुरळाला घाबरतो हे बायकोखेरीज कोणाला माहीत नव्हतं. तर फोनवरची बाई सांगत होती की दिवा गेलाय, पंखा बंद आहे आणि भिंती जवळ आल्यासारख्या वाटतायत. तो तिला म्हणत होता, "भिंती आहेत तिथेच आहेत, तुम्ही खाली बसा, पाठ टेकवा," आणि बोलता बोलता त्याने आपला फोन सुलटा केला. लिलावाच्या साइटवरचा निरोप होता. पाठवणारा, पाहुणा ४४७१. ‘पेटीतल्या डाव्या रांगेतली तिसरी काच मूळची नाही. हे तुम्हाला माहीत आहे का?’ त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि बाईला काय सांगत होतो तेच विसरला. "हॅलो?" बाई ओरडली. "हॅलो, आहात ना तुम्ही? बोला ना काहीतरी!"

बोलला तो, बाईही थोड्या वेळाने सुखरूप बाहेर आली, पण तो निरोप काही डोक्यातून जाईना. पेटी वडिलांची होती. वडील चष्मेवाले. डोळ्यांचा नंबर काढायच्या काचांची ती पेटी, मखमलीच्या खाचांत उभ्या केलेल्या गोल काचा, प्रत्येकीला छोटीशी मूठ. वडील गेले, दुकानाची भाड्याची जागा सोडावी लागली आणि आई दोन बॅगा घेऊन त्याच्याकडे राहायला आली. येताना तिने एकच गोष्ट मागितली होती. "दुकानातलं काही विकायचं नाही. मी आहे तोवर तरी नाही." तो म्हणाला होता, "नाही विकणार, आई," आणि म्हणाला होता तो याच आवाजात, खालच्या आणि सावकाश. घरात जागा नव्हती म्हणून सामान त्याने ऑफिसच्या स्टोअरच्या मागच्या खोलीत आणून ठेवलं आणि आईला सांगितलं की एका मित्राचं गोदाम आहे, अगदी कोरडं, अगदी व्यवस्थित. मग वरून हुकूम आला की मागची खोली रिकामी करा. त्याने काही दिवस ढकलले, आणि शेवटी एका दुपारी पेटीचे फोटो काढून, भलत्याच नावाने लिलावाला लावून मोकळा झाला. पहिली वस्तू गेली की आईला सांगून टाकू, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. पण पहिली वस्तू जाईचना.

जाईना ती या पाहुण्यामुळे. साइटवर जे लोक स्वतःसाठी नाव निवडत नाहीत त्यांना पाहुणा म्हणून एक आकडा चिकटवून देतात. या पाहुण्याने पेटीवर सगळ्यात मोठी बोली लावली, लिलाव जिंकला, आणि पैसे भरायची मुदत सरेपर्यंत गप्प बसला. नियमाप्रमाणे पेटी परत विक्रीला आली. पाहुण्याने परत जिंकली. मग वडिलांचं फिरतं स्टूल लावलं, तेही त्यानेच जिंकलं आणि तसंच सोडलं. नाकावर चढवून आत काचा सरकवायची ती जड तपासणीची फ्रेम, तिचंही तेच. चिडून त्याने एकदा पाहुण्याचा इतिहास उघडून बघितला. साइट तेवढं दाखवते, कोणी किती व्यवहार बुडवले ते. सगळेच बुडवलेले होते, आणि सगळेच्या सगळे त्याच्याशीच होते. जगात दुसऱ्या कोणाच्या कशावरही या माणसाने कधी बोली लावलेली नव्हती. तोपर्यंत त्याला नुसता राग होता. ते पान बघितल्यावर मात्र रागाच्या खालून काहीतरी गार वर यायला लागलं, आणि आज तो काचेचा निरोप.

जेवणाच्या सुट्टीत तो स्टोअरच्या मागच्या खोलीत गेला. तिथे खिडकी नव्हती. लोखंडी रॅकवर गुंडाळलेले दोर, बटणांच्या पाट्या, आणि कोपऱ्यात चादरीखाली वडिलांचं दुकान. त्याने पेटीची कडी काढली. डावी रांग, तिसरी काच. काढून दिव्यासमोर धरली तेव्हा काही कळलं नाही. शेजारच्या दोन काढून तिन्ही जवळ धरल्या तेव्हा कळलं. हिच्या कडेचा पितळी रंग किंचित लाल होता, मूठ किंचित जाड होती. इतका बारीक फरक फोटोत दिसणं शक्यच नव्हतं. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. या पेटीशेजारी तो लहानाचा मोठा झाला, गुपचूप काचा काढून त्यांतून मुंग्या बघितल्या, मार खाल्ला, आणि त्याला माहीत नव्हतं. मग हा कोण, ज्याला माहीत आहे? त्याला वाटलं, खोलीत कोणीतरी आपल्या आधी येऊन गेलंय. त्याने रॅकच्या मागे बघितलं. दोरांच्या गुंडाळ्यांमागे बघितलं. आणि चादरीतून अर्धा बाहेर आलेल्या आरशात स्वतःलाच एकदम बघून तो असा दचकला की काच हातातून निसटता निसटता वाचली.

तो आरसा त्याला लहानपणापासून भिववत आला होता. दुकान लांबीला कमी पडायचं, अक्षरांचा तक्ता जितका दूर हवा तितकं अंतर खोलीत नव्हतं. म्हणून वडिलांनी तक्ता पेशंटच्या डोक्यामागे टांगला होता आणि समोरच्या भिंतीला आरसा. अक्षरं उलटी लिहिलेली, आरशात सुलटी दिसणारी. त्यामुळे खोली दुप्पट लांब व्हायची. अंधारात स्टुलावर बसलं की खूप दूर, भिंतीच्याही पलीकडे, एक लहानसा मुलगा बसलेला दिसायचा आणि त्याच्यावर वाकलेला एक माणूस. "हे स्पष्ट की हे?" वडील काच बदलत विचारायचे. "हे... की हे?" घाईचं उत्तर त्यांना चालायचं नाही. चष्मा लागू नये म्हणून त्याने एकदा अख्खा तक्ता पाठ करून टाकला होता, अगदी खालच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवला होता. वडिलांनी हळूच मागे हात घालून तक्ता बदलला आणि म्हणाले, "आता परत." ते तेवढे दोन शब्द आणि आरशातला तो दूरचा मुलगा, ज्याचं तोंड पांढरं पडलेलं दिसत होतं. पुढे कितीतरी वर्षं पकडलं जाणं म्हणजे त्याला तेच वाटायचं, अंधारात कोणीतरी मागे हात घालून तक्ता बदलणं.

"ब्लॉक कर," सगळं ऐकून झाल्यावर नटबोल्ट म्हणाला. नटबोल्ट म्हणजे त्यांचा स्टोअरकीपर. जुने पंखे आणि रेडिओ दुरुस्त करून विकायचा त्याचा जोडधंदा होता आणि साइटवर त्याला भरभरून चांदण्या मिळालेल्या होत्या. दारात उभा राहून डबा खात होता. "इतके दिवस काय झोपला होतास? तिथे सोय आहे चक्क. ज्यांनी पैसे बुडवलेत त्यांना दारातच अडवायचं. एकदा टिचकी मारली की संपलं. त्याला तू दिसणारसुद्धा नाहीस."

"पण एखाद्याची खरंच अडचण असेल..."

"एकदा अडचण. दोनदा विसरभोळेपणा. हा तर माणूस तुझ्याच मागे लागलाय, धीरभाऊ! ह्याला वस्तू नकोय. ह्याला तू हवायस."

ते शेवटचं नटबोल्ट हसत हसत म्हणाला, पण ऐकणाऱ्याने वळून चादरीखालच्या सामानाकडे बघितलं. वडिलांच्या दुकानात बुडवणारे काय कमी होते? चष्मा घेऊन जायचे, पुढच्या आठवड्यात देतो म्हणायचे आणि रस्ता बदलायचे. आणि चष्मा फुटला की परत यायचे, तोंड वर करून. वडील त्यांना स्टुलावर बसवायचे. आई आतून कुरकुरली की म्हणायचे, "अगं, त्याला दिसत नाहीये." एवढंच. जणू त्यापुढे बोलण्यासारखं काही उरतच नाही. हे त्याने नटबोल्टला सांगितलं तेव्हा नटबोल्टने झाकण लावलं आणि म्हणाला, "तुझे वडील समोरचं तोंड बघत होते रे. तुला ह्याचं तोंड कुठे दिसतंय?"

खरंच होतं ते. संध्याकाळी घरी जाताना त्याला सगळ्यांचीच तोंडं दिसायला लागली. बस थांब्यावर टोपी घातलेला एक माणूस त्याच्याकडे बघत होता. बघत होता की त्याच्या मागच्या पाटीकडे? औषधांच्या दुकानाच्या काचेत त्याला दिसलं की टोपीवालाही वळलाय. तो उगाच दुकानात शिरला, उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या, आणि बाहेर आला तेव्हा टोपीवाला नव्हता, म्हणून जास्तच घाबरला. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता घालावा लागतो. पण पाहुण्याला एकही पार्सल गेलेलं नव्हतं, मग त्याला पत्ता कसा कळेल? पण मग त्याला काच कशी कळली? असा तो स्वतःशीच प्रश्नोत्तरं करत चार मजले जिन्याने चढला. दिवसभर लोकांना लिफ्टमधून सोडवणारा हा माणूस स्वतः लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नसे. तिसऱ्या मजल्यावर दिवा गेलेला होता. त्या अंधाऱ्या वळणावर त्याला स्पष्ट दिसलं की नक्की भीती कशाची आहे. मारेल, लुटेल, याची नव्हे. तो माणूस एक दिवस दाराशी येईल, बेल वाजवेल, दार आई उघडेल, आणि तो म्हणेल, तुमचा मुलगा तुमच्या नवऱ्याचं दुकान विकतोय.

दार बायकोने उघडलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती, तिच्या हातांना कायम स्पिरिटचा वास यायचा, आणि माणसाचा चेहरा बघून अर्धा रिपोर्ट ती आधीच सांगायची. "काय झालं?" तिने विचारलं. त्याने स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं. ती ऐकत होती, हात पुसत होती. "तू एक काम कर," ती म्हणाली, "आईंना सांगून टाक. आज. मग येऊ दे कोण यायचं ते."

"आज नको. आरसा तेवढा जाऊ दे. शेवटची वस्तू आहे. निदान तो तरी गेला की मग सांगतो."

"तू हे पेटीच्या वेळीही म्हणाला होतास."

आतल्या खोलीतून आईची पुटपुट ऐकू येत होती, आणि मधेमधे एक यांत्रिक बायकी आवाज. शिकायला बाहेरगावी गेलेल्या नातीने जाताना आजीला फोन तयार करून दिला होता, अक्षरं वाचून दाखवणारा आणि बोललेलं लिहून घेणारा. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऑपरेशन करू म्हटलं की ती म्हणायची, "माझे डोळे ह्यांनीच बघितले आयुष्यभर. आता परक्याला काय दाखवू?" तेव्हापासून ती खोलीत बसून त्या फोनशी बोलायची, नातीला निरोप पाठवायची, बातम्या ऐकायची, आणि घरातल्या सगळ्यांना बरंच वाटायचं की म्हातारीचा वेळ जातोय. तो दाराशी गेला तसा आवाज बंद झाला. आईने मान त्याच्या दिशेने वळवली, त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला.

"आलास? बस. हात बघू," ती म्हणाली. ही तिची जुनी सवय. लहानपणी दुकानाच्या दाराच्या फटीत त्याच्या उजव्या हाताची करंगळी सापडली होती, हाड वाकडं बसलं ते बसलंच. त्या दिवशी तिने जी ती करंगळी नळाखाली धरून चोळली, तेव्हापासून तो जवळ बसला की तिचा अंगठा आपोआप तिच्यावरून फिरायचा. "गार पडलाय हात," ती म्हणाली. "आरसा कसा आहे रे? गोदामात ओल नाही ना? ओल लागली की मागचा पारा सुटतो."

"छान आहे. चादरीत गुंडाळलाय."

"तू स्वतः बघितलास?"

"आजच बघितला, आई." आणि हे खरं होतं, म्हणून ते म्हणताना त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. आईने आणखी काही विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं. तिलाही काहीतरी सांगायचं होतं असं त्याला पुसटसं वाटलं. पण ज्याला स्वतःच काही लपवायचंय तो दुसऱ्याला काय विचारणार? तो उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आरशाचे फोटो काढले. आरशाचा फोटो काढणं हे महाकठीण काम. समोर उभं राहिलं की आपणच दिसतो. म्हणून या धंद्यातले लोक बाजूने, तिरके उभे राहतात, काळं फडकं अंगावर घेतात. फडकं नव्हतं, त्याने रॅकच्या आड अंग चोरून फक्त हात पुढे काढला आणि घाईघाईने चार-पाच फोटो घेतले. लिहिताना जपून लिहिलं. चष्म्याच्या दुकानातला जुना आरसा, लाकडी चौकट, चांगल्या स्थितीत. आणि त्याच संध्याकाळपर्यंतची मुदत घालून लावून टाकला. जेमतेम टेबलावर परत येतो तो फोन गुरगुरला.

‘हा आरसा तुमच्या हाती कसा लागला?’

त्याने फोन उपडा ठेवला. तक्रारीचा एक फोन घेतला, कोणाचं तरी दार अर्धवट उघडत होतं. "घाबरू नका," तो म्हणाला. फोन पुन्हा गुरगुरला.

‘आरशात तुमचा हात दिसतो आहे. तुम्ही कोण आहात ते मी शोधून काढणार.’

त्याने फोटो उघडला, मोठा केला. खरंच की! चौथ्या फोटोत, खालच्या कोपऱ्यात, रॅकच्या आडून आलेला हात, फोन धरलेला. आणि फोनच्या खाली आधाराला दुमडलेली करंगळी. ती दुमडलेली नव्हती, ती तशीच होती. तो फोटो त्याने काढून टाकला, पण एकदा बघितलेलं कोणाच्या डोळ्यांतून काढून टाकता येतं का? त्याने उजवा हात टेबलाखाली घेतला. समोरच्या रांगेतली बिलं करणारी बाई त्याच्याकडे बघून हसली आणि त्याला वाटलं, ही? पलीकडे नटबोल्ट शीळ घालत चालला होता आणि वाटलं, हा? यालाच तर पेटी रोज दिसते, यानेच तर काच बदलली नसेल? इतका विश्वासाचा माणूस, आणि क्षणभर त्याच्या पाठीकडे बघताना त्याच्या मनात केवढा विखार दाटला! तेवढ्यात तिसरा निरोप आला.

‘घरी आई आहे ना तुमच्या?’

त्याच्या डोळ्यांसमोर घराचं दार आलं, जिन्यातला गेलेला दिवा आला, भिंत चाचपत दाराकडे येणारी आई आली. त्याने घरी फोन लावला. आईने घेतला. "काय रे, या वेळी?" तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक, धाप लागल्यासारखा.

"आई, कोणी आलं होतं का? बेल वाजली तर दार उघडायचं नाही. कोणीही असो. माझं नाव सांगितलं तरी."

"का रे?" ती म्हणाली, आणि मग एकदम दबक्या आवाजात, "तुलाही काही कळलंय का?"

"काय कळलंय?"

"काही नाही. तू ये घरी, मग बोलू."

म्हणजे गाठलं त्याने तिला, त्याच्या मनात आलं. काहीतरी सांगितलं तिला. फोन ठेवल्या ठेवल्या त्याने साइट उघडली. घाईघाईने पाहुण्याच्या नावावर टिचकी मारायला गेला आणि दोनदा भलतंच उघडलं. ‘या खरेदीदाराने पूर्वी व्यवहार पूर्ण केलेले नाहीत. त्याला कायमचे रोखायचे आहे का?’ खाली दोन चौकोन, होय आणि नाही. वडिलांचा आवाज कानात आला, हे की हे? त्याने होय दाबलं. दाबताच पाहुण्याचे सगळे निरोप पडद्यावरून गेले, जसे कधी आलेच नव्हते. इतकं सोपं होतं. नटबोल्टचं खरंच होतं, हे आधीच करायला हवं होतं. बुडवणाऱ्याला दारात अडवायचं, यात कसलं पाप? दुकान मांडलेल्या माणसाला तेवढा हक्क नको? अर्धा तास तो अगदी हलका झाला. मग एका लिफ्टमधून एक म्हातारा बोलला, हळू, काही घाई नसल्यासारखा, "अहो, मी मघापासून बटण दाबतोय. पलीकडे कोणी उचलतच नाही," आणि तो हलकेपणा कुठल्या कुठे गेला. रोखलं म्हणजे काय केलं आपण? त्याचं तोंड बंद केलं, पाय तर नाही बंद केले. आता तो निरोप पाठवणार नाही, आता तो येईलच. संध्याकाळी आरशावर एका भलत्याच माणसाची बोली आली, लगोलग पैसेही भरले गेले. पहिली वस्तू गेली होती. त्याला आनंद काही झाला नाही.

तो त्या संध्याकाळी टॅक्सीने घरी गेला, जिना धावत चढला. बायको अजून आली नव्हती. दार आतून कडी, वरची कडी, साखळी, सगळं लावून बंद. "मी आहे, मी!" तो म्हणाला तरी आईने त्याला दोनदा बोलायला लावलं आणि मगच उघडलं. तिचे केस सुटलेले होते. एका हातात फोन होता. तिने त्याला आत ओढलं, कड्या परत लावल्या, आणि खोलीत नेऊन पलंगावर बसवून स्वतः शेजारी बसली.

"कोण आलं होतं?" त्याने विचारलं. "काय म्हणाला तो?"

"कोणी नाही आलं. तू आधी हे बघ." तिने फोन त्याच्या डाव्या हातात दिला. "ह्यात काहीतरी बिघडलंय. मला आत घेत नाहीये. ती बाई सारखं एकच वाचून दाखवते."

त्याने पडदा डोळ्यांसमोर धरला. अक्षरं नातीने केवढाली मोठी करून ठेवली होती. तरीही ती वाचायला त्याला फार वेळ लागला. ‘या विक्रेत्याने तुम्हाला बोली लावण्यापासून रोखले आहे.’

"तुला सांगणार नव्हते मी," आई म्हणाली. ती कुजबुजत होती, जणू भिंतीपलीकडे कोणी ऐकतंय. "तुला वाईट वाटेल म्हणून. तू बिचारा इतक्या भरवशाने ठेवलंस सगळं मित्राकडे. अरे, गोदामात चोरी झालीय! चष्म्याच्या दुकानातलं म्हटलं की हा फोन शोधून वाचून दाखवतो, मी आपली ऐकत बसते, जुनी आठवण म्हणून. तर एक दिवस आपलीच पेटी. झाकणावर चटक्याचा डाग आहे, तोसुद्धा वाचून दाखवला. ऐकून माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हटलं, दुसऱ्या कोणी नेली तर? म्हणून मी बोली लावत राहिले. पैसे कसे भरतात ते मला येत नाही, आणि चोराला पैसे कशाला देऊ? पण निदान घरातलं बाहेर जायचं थांबलं. स्टूल थांबवलं, फ्रेम थांबवली. त्याला कळावं की कोणी ओळखणारं आहे, म्हणून काचेचंही लिहिलं. ती काच माझ्याच हातून फुटली होती, ह्यांनी दुसरी बसवून घेतली आणि कोणाला सांगितलं नाही. आज आरसा आला. मी विचारलं त्याला, घरी आई आहे ना तुमच्या? पुढे म्हणणार होते, तिला कळलं तर काय वाटेल हो तिला. पण तेवढ्यात हे असं बंद पडलं. मी इतकी घाबरलेय रे. बंद झाल्यावर नेला असेल का कोणी आरसा?"

खोलीत अंधार पडायला लागला होता आणि दिवा लावायचं दोघांनाही सुचलं नाही. आईने चाचपत त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला.

"पण एक केलंय मी," ती म्हणाली. "ती बाई फोटोत काय आहे तेही सांगते. म्हणाली, आरसा, लाकूड, माणसाचा हात. त्याने तो फोटो काढून टाकला, पण मी आधीच ठेवून घेतला होता. नातीने शिकवलंय. ते चित्रांचं उघड. मला नुसतं पांढरं दिसतं. तू बघ."

त्याने उघडलं. लाकडी चौकट, लोखंडी रॅक, आणि कोपऱ्यात हात. अस्पष्ट आहे म्हणून सांगता आलं असतं. बाईचा आहे, म्हाताऱ्याचा आहे, हातमोजा आहे, काहीही सांगता आलं असतं, आणि ती त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून झोपली असती; दुसरं कोणी तिला बघून सांगणारं नव्हतं. दूर कुठेतरी, भिंतीच्याही पलीकडे, एक मुलगा स्टुलावर बसला होता आणि त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"दिसतंय स्पष्ट?" आईने विचारलं.

"दिसतंय."

"मग सांग ना. घाबरू नकोस, मी आहे इथे. कसा आहे हात?"

"डावा हात आहे," तो म्हणाला.

"आरशात डावा, म्हणजे उजवा," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. तिचा अंगठा सवयीने त्याच्या बोटांवरून फिरायला लागला होता. "पुढे?"

"फोन धरलाय. त्याच्या खाली करंगळी आहे." त्याचा तो खालचा, सावकाश आवाज मधेच फाटला. "आई, ती करंगळी..."

वाकड्या हाडावरून फिरणारा तिचा अंगठा थांबला.